वीस शब्दांत एक अनोळखी

मराठी शाळेतून शिकून नोकरीला लागलेली माणसे दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा इंग्रजीच्या परीक्षेला बसतात, यात आता नवल राहिलेले नाही. परिचारिकेला ब्रिटनमध्ये किंवा ऑस्ट्रेलियात नोंदणी हवी असेल, तर सहसा ओईटी किंवा आयईएलटीएस यांसारखी एखादी परीक्षा द्यावी लागते. बँकेतल्या लिपिकाला बाहेरच्या वाटेने अधिकारी व्हायचे असेल, तर आयबीपीएसच्या परीक्षेतला इंग्रजीचा भाग आडवा येतो. कचेरीतल्या कामकाजाच्या इंग्रजीसाठी टोइक नावाची परीक्षा आहे. ती १९७९ साली जपानी उद्योगांच्या गरजेतून सुरू झाली. नावे वेगळी आणि शुल्के वेगळी असली, तरी उतारा वाचून अर्थ लावणे आणि शब्दांची जाण असणे या दोन गोष्टींना या सगळ्यांत वजन आहे. आणि ही मंडळी सल्ला विचारायला बहुधा येतात ती आपल्या जुन्या शिक्षकांकडेच. त्यांना काय सांगावे, याबद्दल विज्ञानाकडे बरेच काही आहे.

भाईंदरच्या पश्चिमेला, उत्तनच्या बाजूला डोंगरी, तारोडी, चौक, पाली अशी गावे आहेत. त्यांतल्या तारोडीत अशी तयारी करणाऱ्या काही नोकरदारांबरोबर आम्ही मधूनमधून बसत होतो. त्यांत मुंबईच्या रुग्णालयांत काम करणाऱ्या परिचारिका होत्या आणि एकजण बँकेतला होता. ओईटीचे शुल्क कित्येक परिचारिकांच्या महिनाभराच्या पगाराच्या जवळपास जाते. त्यामुळे ‘एकदा बसून तर बघू’ ही चैन त्यांना परवडत नाही. त्यांतल्या एकीने पहिल्याच दिवशी आपली अडचण नेमक्या शब्दांत मांडली. “सर, रोगाचं नाव कळतं, औषधाचं नाव कळतं, पण वाक्य कळत नाही.”

तिच्या हातात अवघड इंग्रजी शब्दांचे एक जाडजूड पुस्तक होते. वर्णानुक्रमे लावलेल्या त्या पुस्तकात तिने ‘ए’पासून ‘डी’पर्यंत मजल मारली होती. रोज पंचवीस शब्द, अर्थासह पाठ. कष्ट खरे होते, दिशा मात्र चुकली होती. ती का चुकली, हे कळण्यासाठी आधी एक छोटासा प्रयोग करून पाहू. तो वर्गातही करता येईल. पुढचा उतारा चाळीस शब्दांचा आहे. त्यातले दोन शब्द आम्ही मनाने बनवले आहेत.

‘भरती आली की होड्या किनाऱ्याला लागतात. बायका मोठ्या टोपल्या घेऊन खाली उतरतात. मासळी निवडून झाली की ती रंभडतात आणि बांबूच्या काठ्यांवर वाळत घालतात. पाऊस येण्याची चिन्हे दिसली तर सगळे लुंबट घाईघाईने आत न्यावे लागते, नाहीतर वर्षभराची बेगमी पार वाया जाते.’

‘रंभडणे’ म्हणजे साफ करणे किंवा धुणे असावे आणि ‘लुंबट’ म्हणजे पसारा किंवा वाळवण, हे आपण सहज ताडतो. चाळिसांत दोन म्हणजे विसात एक शब्द अनोळखी. ९५ टक्के शब्द ओळखीचे. आता तोच उतारा पुन्हा वाचा. या वेळी आठ शब्द बनावट आहेत.

‘भरती आली की होड्या टिरवाला लागतात. बायका मोठ्या गुमळ्या घेऊन खाली उतरतात. धोपरी निवडून झाली की ती रंभडतात आणि बांबूच्या काठ्यांवर रूस घालतात. भेंटू येण्याची चिन्हे दिसली तर सगळे लुंबट घाईघाईने आत न्यावे लागते, नाहीतर वर्षभराची सुरंड पार वाया जाते.’

अजूनही ८० टक्के शब्द ओळखीचे आहेत. व्याकरण धडधाकट आहे, क्रियापदे जागच्या जागी आहेत. पण कशाबद्दल चालले आहे याचा पत्ता लागत नाही. पहिला उतारा आधी वाचला नसता, तर ‘भेंटू’ म्हणजे पाऊस की सावकार हेही सांगता आले नसते. ‘वाक्य कळत नाही’ ते असे. गंमत अशी, की परीक्षेत पाचातले चार शब्द ओळखीचे दिसले की उमेदवाराला आपल्याला बरेच येते असे वाटत राहते.

इंग्रजीच्या बाबतीत हा प्रयोग हू आणि नेशन या संशोधकांनी केला होता. त्यांचा निबंध २००० साली प्रसिद्ध झाला. एकाच गोष्टीतले कमी-अधिक शब्द बनावट शब्दांनी बदलून त्यांनी ती इंग्रजी परभाषा म्हणून शिकणाऱ्यांना वाचायला दिली. ८० टक्के शब्द ओळखीचे असताना कुणालाच गोष्ट पुरेशी समजली नाही. ९५ टक्क्यांना काहींना समजली, पण बहुतेकांना नाही. विनासायास समजण्यासाठी सुमारे ९८ टक्के, म्हणजे पन्नासात एकच शब्द अनोळखी असावा, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. आपल्या मराठी उताऱ्यात ९५ टक्क्यांना आपले भागले, कारण मासळी वाळवण्याचा विषय ओळखीचा होता आणि बाकीचे सगळे शब्द हाडीमाशी मुरलेले होते. परक्या भाषेत एवढी सवलत मिळत नाही.

मग ९८ टक्के गाठायला किती शब्द लागतात? इथे भाषेचा एक विलक्षण गुण मदतीला येतो. अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठाने १९६१ सालच्या छापील इंग्रजी मजकुराचा सुमारे दहा लाख शब्दांचा एक संग्रह तयार केला. त्यात ‘द’ हा एकटा शब्द सुमारे ७० हजार वेळा येतो, म्हणजे दर शंभर शब्दांत सात वेळा. दुसऱ्या क्रमांकाचा ‘ऑफ’ सुमारे ३६ हजार वेळा, तिसरा ‘अँड’ सुमारे २९ हजार वेळा. शब्दाचा क्रमांक वाढत जातो तशी त्याची वारंवारता साधारण त्याच प्रमाणात घटत जाते. जॉर्ज झिफ या अमेरिकन अभ्यासकामुळे ‘झिफचा नियम’ म्हणून हे प्रसिद्ध झाले. नियम काटेकोर नाही, पण मराठीसह बहुतेक भाषांत तो ढोबळमानाने दिसतो. मूठभर शब्द सतत राबतात आणि हजारो शब्द वर्षातून एखाद्या वेळी तोंड दाखवतात.

हे ओळखून शिकवण्याचा पद्धतशीर विचार करणाऱ्यांत एक इंग्रज शिक्षक होता आणि त्याची कर्मभूमी होती आपल्याच उपखंडातले ढाका. मायकेल वेस्ट हे तिथल्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य होते. बंगाली मुलांना इंग्रजी बोलण्यापेक्षा वाचण्याची गरज जास्त आहे आणि त्यांच्या क्रमिक पुस्तकांतले शब्द उगाच जड आहेत, असे त्यांच्या लक्षात आले. त्या विचारातून त्यांनी मोजक्या शब्दांची वाचनपुस्तके लिहिली. पुढे १९५३ साली सुमारे २००० शब्दांची त्यांची यादी प्रसिद्ध झाली. साध्या इंग्रजी मजकुरातला सुमारे ८० टक्के भाग या यादीत येतो. २००० साली न्यूझीलंडमधल्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी सुमारे पस्तीस लाख शब्दांचा अभ्यासविषयक मजकूर तपासून आणखी ५७० शब्दकुळे निवडली. शब्दकूळ म्हणजे एका मुळाची सगळी भावंडे. ‘ॲनलाइझ’, ‘ॲनलिसिस’, ‘ॲनलिटिकल’ हे एक कूळ. शैक्षणिक मजकुरातला आणखी सुमारे १० टक्के भाग या ५७० कुळांत बसतो.

म्हणजे अडीच हजारांच्या आसपास शब्दांत जवळजवळ ९० टक्के काम होते. पुढचे ८ टक्के मात्र महाग पडतात. पॉल नेशन यांच्या २००६ सालच्या हिशोबाप्रमाणे, कादंबरी किंवा वर्तमानपत्रातले ९८ टक्के शब्द ओळखीचे व्हायला ८ ते ९ हजार शब्दकुळे लागतात. हा आकडा ऐकून आमच्या तारोडीच्या मंडळींचे चेहरे उतरले. पण त्यांच्याकडे एक शिल्लक होती, जी त्यांनी जमेस धरलीच नव्हती. दहा वर्षे वॉर्डात काम केलेल्या परिचारिकेला ‘हायपरटेन्शन’, ‘कॅथेटर’, ‘सेप्सिस’ हे शब्द कोणत्याही इंग्रज कादंबरीकारापेक्षा चांगले माहीत असतात. ओईटीचा वाचनाचा भाग सगळ्या आरोग्य व्यवसायांना एकच असतो, त्यामुळे हे शब्द तिला तयार हाताशी मिळतात. तिची खरी तूट मधल्या थरात असते. ‘ॲडिक्वेट’, ‘प्रायर’, ‘इनिशियल’, ‘ॲसेस’, ‘इंडिकेट’, ‘परसिस्ट’ हे शब्द रोगाचेही नाहीत आणि घरगुतीही नाहीत, पण वाक्याचा सगळा भार तेच वाहतात. हे सगळे कॉक्सहेडबाईंच्या यादीत आहेत. रोज दहा कुळे घेतली, तर ५७० कुळे दोन महिन्यांच्या आत पुरी होतात. ‘ए’ ते ‘डी’ करणाऱ्या पुस्तकात वारंवारतेला किंमतच नसते. तिथे आयुष्यात एकदा भेटणारा शब्द आणि रोज भेटणारा शब्द शेजारी शेजारी बसतात.

इथे तारोडीच्या बोलीकडे थोडे वळावे लागेल. हा परिसर वसईबरोबर सुमारे दोनशे वर्षे, १७३९ सालापर्यंत, पोर्तुगिजांच्या अमलात होता. पाव, पगार, चावी, नाताळ, पाद्री असे पोर्तुगीज शब्द या किनाऱ्यावरून आणि गोव्यातून मराठीत आले आणि आता ते परके वाटतही नाहीत. पोर्तुगीज ही लॅटिनची लेक, आणि इंग्रजीतले निम्म्याहून अधिक शब्द थेट किंवा फ्रेंचमार्गे लॅटिनमधूनच आलेले. त्यामुळे आपली ‘चावी’ जिथून आली त्याच घरातून गळ्याखालच्या हाडाचे इंग्रजी नाव ‘क्लॅव्हिकल’ आले. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘छोटी किल्ली’. ‘नाताळ’ म्हणजे जन्माचा. ‘प्रीनेटल’, ‘निओनेटल’, ‘नेटिव्ह’ ही त्याचीच भावंडे. ‘पाद्री’ म्हणजे बाप. त्याच घरातले ‘पॅटर्नल’. ‘पाव’ ज्या लॅटिन शब्दापासून आला, त्यापासूनच ‘कंपनी’, म्हणजे एकत्र भाकरी खाणारे. ‘पगार’ आणि इंग्रजी ‘पे’ यांचे मूळही एकच, आणि त्या मुळाशी शांतता आहे. देणे चुकते करून धनकोला शांत करणे. हे सांगितल्यावर एका परिचारिकेने ‘निओनेटल’ हा शब्द पुन्हा कधी लिहून घेतला नाही. लिहायची गरजच उरली नव्हती.

आपल्या मुलांना ‘हृ’ धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार, उपहार करून दाखवणाऱ्या शिक्षकाला इंग्रजी उपसर्ग शिकवणे जड जाऊ नये. ‘पोर्ट’ म्हणजे वाहणे. ‘इम्पोर्ट’ आत वाहणे, ‘एक्स्पोर्ट’ बाहेर, ‘ट्रान्सपोर्ट’ पलीकडे, ‘रिपोर्ट’ परत घेऊन येणे. ‘प्री’, ‘पोस्ट’, ‘सब’, ‘इंटर’ असे वीस-पंचवीस उपसर्ग पक्के झाले की अनोळखी शब्दाचे निदान तोंडवळे तरी दिसते. मात्र या युक्तीवर आंधळा भरवसा नको. ‘ओव्हरसी’ म्हणजे देखरेख करणे, पण त्याच्यासारखाच दिसणारा ‘ओव्हरलुक’ म्हणजे नजरेतून सुटणे. रुग्णालयात या दोहोंची अदलाबदल परवडणारी नाही.

याहून फसवे असतात ते पूर्ण ओळखीचे शब्द. ‘ॲड्रेस’ म्हणजे पत्ता हे आपण जाणतोच. पण ‘समस्या ॲड्रेस करणे’ म्हणजे तिची दखल घेऊन उपाय करणे. ‘पेशंट’ म्हणजे रुग्ण, आणि सोशिकही. ‘प्रोव्हायडेड’ म्हणजे पुरवलेले, आणि कित्येकदा ‘या अटीवर की’. मराठीत आलेल्या ‘हॉटेल’मध्ये आपण चहा-भजी खातो, इंग्रजीतल्या हॉटेलात माणूस मुक्कामाला जातो. भारतात ‘पास आऊट’ होणे म्हणजे पदवी घेणे. ब्रिटनमध्ये तोच शब्द शुद्ध हरपण्यासाठी वापरतात. २०१५ साली पास आऊट झालेली परिचारिका तिथल्या वॉर्डप्रमुखाला काय वाटेल, याचा विचार करून तारोडीत बराच वेळ हसणे चालले होते. परीक्षकांचा डोळा नेमका अशा शब्दांवर असतो.

आता पाठांतराविषयी. जर्मन शास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली विसरण्याचा आलेख मांडला. निरर्थक अक्षरसमूहांच्या याद्या ते पाठ करत आणि ठरावीक काळाने तीच यादी पुन्हा पाठ करायला किती वेळ वाचतो हे मोजत. वीस मिनिटांनी ५८ टक्के बचत व्हायची, एका दिवसाने सुमारे ३४ टक्के, आणि महिन्याने २१ टक्के. विसरणे पहिल्या दिवशीच धो धो होते, नंतर त्याची गती मंदावते. म्हणून रविवारी एकदम दीडशे शब्द करण्यापेक्षा तेच शब्द आठवडाभर थोडे थोडे, अंतर ठेवून उजळणे जास्त टिकते.

दुसरा मुद्दा असा, की उजळणी म्हणजे पुन्हा वाचणे नव्हे. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा दोनदा वाचला, तर काहींनी एकदा वाचून नंतर तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र पारडे फिरले. आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के आठवले आणि दोनदा वाचणाऱ्यांना ४२ टक्के. दोनदा वाचल्याने ‘येते’ असा भास होतो, आणि तो परीक्षेच्या दिवसापर्यंत टिकत नाही.

या दोन्ही गोष्टी एका खोक्यात बसवता येतात. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ सालच्या आपल्या पुस्तकात ते सुचवले. बुटाच्या रिकाम्या खोक्यात पुठ्ठ्याचे पाच कप्पे करा. जुन्या लग्नपत्रिकांची कार्डे कापा. एका बाजूला इंग्रजी शब्द त्याच्या लिपीत, आणि मागे अर्थ व एक छोटे वाक्य. वाक्य आपल्या कामातले असावे, कोशातले नको. नवे कार्ड पहिल्या कप्प्यात जाते. तो कप्पा रोज पाहायचा. अर्थ न पाहता आठवला तर कार्ड दुसऱ्या कप्प्यात. तो तीन दिवसांनी. मग आठवड्याने, पंधरवड्याने, महिन्याने. कुठेही चुकले की कार्ड थेट पहिल्या कप्प्यात परत. आता मोबाइलवर हेच काम करणारी साधने मिळतात आणि ती चांगली आहेत. पण रात्रपाळी करून लोकलच्या गर्दीत उभ्याने भाईंदरला परतणाऱ्या बाईला खिशातली वीस कार्डे जास्त सोयीची पडली, असे आम्ही पाहिले.

शब्द झाले तरी वाचन उरतेच. वाचताना डोळा ओळीवरून सरकत नाही, उड्या मारतो. एमिल जव्हाल या फ्रेंच नेत्रवैद्याने १८७९ सालच्या आपल्या लेखांत या उड्यांची चर्चा केली होती. दोन उड्यांच्या मध्ये डोळा साधारण पाव सेकंद थांबतो, आणि वाचणे घडते ते या थांब्यांत. शब्द अनोळखी असला की थांबा लांबतो आणि डोळा मागे फिरतो. इंग्रजी मातृभाषा असलेला प्रौढ माणूस मनातल्या मनात मिनिटाला सरासरी २३८ शब्द वाचतो, असा २०१९ साली अनेक अभ्यासांचा आढावा घेऊन काढलेला आकडा आहे. ‘मिनिटाला हजार शब्द वाचा’ असे शिकवणारे वर्ग समजुतीचा बळी देऊन वेग विकतात. वेग वाढवण्याची टिकाऊ वाट म्हणजे ओळखीचे शब्द वाढवणे आणि रोज वाचणे.

आपला वेग घड्याळ लावून मोजावा. आयईएलटीएसच्या वाचनभागात तीन उतारे मिळून सुमारे २७०० शब्द, ४० प्रश्न आणि एक तास असतो. मिनिटाला ६० शब्द वाचणाऱ्याची ४५ मिनिटे नुसत्या वाचनात जातात. ४० प्रश्नांना उरतात १५. वेग १२० झाला, तर वाचनाला साडेबावीस मिनिटे पुरतात आणि प्रश्नांना साडेसदतीस उरतात. ओईटीच्या वाचनाचा पहिला भाग आणखी निराळा आहे. चार छोटे मजकूर, २० प्रश्न आणि फक्त १५ मिनिटे. तिथे ओळ न ओळ वाचणारा प्रामाणिक माणूस हमखास मागे पडतो. औषधाची मात्रा कुठल्या मजकुरात आहे, वयोमर्यादा कुठल्या तक्त्यात आहे, हे हुडकण्याचे वाचन वेगळे. परिचारिका रुग्णाचा कागद नेमका तसाच चाळते. फक्त परीक्षेत तिला त्याची आठवण करून द्यावी लागते.

उरलेल्या भागात मराठी माणसाला आडवी येते ती वाक्याची घडण. आपले क्रियापद शेवटी येते आणि अट सुरुवातीला असते. ‘जर ताप असेल तर’ असे म्हणून आपण ऐकणाऱ्याला आधीच सावध करतो. इंग्रजी वाक्यात आज्ञा आधी येते आणि अट, अपवाद मागून शेपटासारखे लटकतात. ‘डोस पुन्हा द्या’ इतके वाचून मराठी डोळा निश्चिंत होतो, आणि पुढचे ‘अनलेस’ त्याच्या हातून निसटते. आम्ही एक साधी कसरत सुचवली होती. उताऱ्यातले ‘अनलेस’, ‘ऑलदो’, ‘देअरफोर’, ‘रादर दॅन’ असे जोडशब्द आधी पेन्सिलीने गोल करायचे, आणि मग प्रत्येक वाक्य ‘जर–तर’, ‘जरी–तरी’ अशा मराठी घडीत तोंडी सांगायचे. भाषांतर करू नका, असे इंग्रजीचे आधुनिक शिक्षक बजावतात. नवशिक्यांना ते लागू असेलही. पण चाळिशीच्या उंबरठ्यावरच्या माणसाने अट कुणाला लागते हे आपल्या भाषेत तपासून घेतले, तर त्यात आम्हाला गैर वाटत नाही.

शेवटच्या पंधरवड्यात पूर्ण वेळाच्या सराव-प्रश्नपत्रिका सोडवाव्यात, आणि न येणाऱ्या प्रश्नाचे काय करायचे ते आधीच ठरवून ठेवावे. ओईटी आणि आयईएलटीएसमध्ये चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही जागा रिकामी सोडण्यात अर्थ नाही. बँकेच्या परीक्षेचा हिशोब वेगळा. तिथे पाच पर्याय असतात आणि चुकीला पाव गुण जातो. डोळे मिटून ठोकले, तर सरासरीने पाचांत एकदा १ गुण मिळतो आणि चारदा मिळून १ गुण जातो, हाती शून्य. पण एक पर्याय खात्रीने बाद करता आला, तर उरलेल्या चारांत एकदा १ मिळतो आणि तीनदा मिळून पाऊण जातो. पाव गुण शिल्लक पडतो.